प्लेआऊट सर्व्हरवरची क्लिप: इन्जेस्टपासून डिलीटपर्यंत कशी सांभाळायची

प्लेआऊट सर्व्हरवरची, म्हणजे चॅनेलचं प्रसारण ज्या यंत्रावरून वाजतं त्यावरची, क्लिप ऐनवेळी सापडली नाही, की पहिला संशय डिस्कवर घेतला जातो. बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते. क्लिप कुणीतरी डिलीट केलेली असते, नाहीतर त्याच आयडीने दुसरी फाइल तिच्यावर चढलेली असते, नाहीतर ती मुळात अर्धीच उतरलेली असते आणि शेवटचं मिनिट कुणी पाहिलेलं नसतं. रेडमुळे (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रचनेमुळे) एक-दोन डिस्क गेल्या तरी एअर, म्हणजे प्रसारण, चालू राहतं हे खरं. पण डिलीटची आज्ञा आली, की तीच रेड ती आज्ञा सगळ्या डिस्कवर तितक्याच तत्परतेने पाळते. म्हणून इथे हार्डवेअरबद्दल कमी आणि रोजच्या शिस्तीबद्दल जास्त लिहिलं आहे: क्लिप कोणत्या नावाने येते, तिला कोण हात लावू शकतं आणि ती कधी, कुणाच्या सहीने जाते.

डोळ्यांसमोर धरलं आहे ते लहान किंवा मध्यम आकाराचं चॅनेल: १०८०आय, सेकंदाला २५ फ्रेम, एक मेन आणि एक बॅकअप प्लेआऊट सर्व्हर, मागे एक नॅस (नेटवर्कवरचं साठवण-यंत्र) आणि एलटीओ या डेटा टेपचा ड्राइव्ह. सर्व्हर ढोबळमानाने दोन जातींचे असतात. ग्रास व्हॅलीचा के२ किंवा हार्मोनिकचा स्पेक्ट्रम यांसारख्या सर्व्हरमध्ये क्लिपची नोंदवही सर्व्हर स्वतः ठेवतो आणि आपण त्याच्या सॉफ्टवेअरमधूनच तिच्याशी बोलायचं असतं. दुसरी जात उघड्या फोल्डरची. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने तयार केलेला कॅस्परसीजी याच जातीचा. मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती क्लिप झाली. पहिल्या जातीत क्लिपला डिलीटपासून राखणारा लॉक असतो पण तो किती खोलवर लागतो ते कळत नाही. दुसऱ्या जातीत लॉकच नसतो. दोन्हींची निगा वेगवेगळी, तेव्हा आपला सर्व्हर कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवा.

आधी अर्धा दिवस चाचणीला द्या

सर्व्हरवर जी क्लिप दिसते ती एकच वस्तू नसते. एक असते नोंद: आयडी, नाव, सुरुवातीचा टाइमकोड (फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता), कालावधी, ऑडिओ ट्रॅकची मांडणी. दुसरा असतो डिस्कवरचा प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे चित्र आणि ध्वनी. सबक्लिप ही बहुधा नुसतीच नोंद असते. तिचा स्वतःचा मजकूर नसतो, ती मूळ क्लिपच्या मजकुराकडे बोट दाखवते. प्लेलिस्टचंही तेच. यातून दोन घोटाळे निघतात. काही सर्व्हरमध्ये मूळ क्लिप डिलीट केली तरी सबक्लिप शिल्लक असेपर्यंत मजकूर तसाच राहतो, त्यामुळे दोनशे क्लिप्स उडवूनही जागा रिकामी होत नाही. काही सर्व्हरमध्ये मूळ क्लिप गेली की तिच्या सबक्लिप्सही जातात, आणि हे आपल्याला रात्री साडेआठच्या मालिकेचा दुसरा पार्ट क्यू (वाजायला तयार) होत नाही तेव्हा समजतं.

मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते वाचाच, पण विश्वास चाचणीवर ठेवा. कलर बारची दोन मिनिटांची क्लिप रेकॉर्ड करा. तिची ३० सेकंदांची सबक्लिप काढा, ती प्लेलिस्टमध्ये टाका. मग बॅकअप सर्व्हरवर, एअर नसताना, पुढची प्रत्येक गोष्ट करून पाहा. मूळ क्लिप डिलीट केली तर सबक्लिप वाजते का? रिकामी जागा वाढते का? क्लिप लॉक करून सर्व्हरच्या स्क्रीनवरून डिलीट करा. मग ऑटोमेशनमधून (प्लेलिस्टप्रमाणे सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) करा. मग एफटीपीने करा. क्लिप क्यू झालेली असताना डिलीट होते का? वाजत असताना? लॉक असताना तिचं नाव बदलता येतं का, इन-आऊट पॉइंट हलवता येतात का? त्याच आयडीने दुसरी फाइल पाठवली तर सर्व्हर नकार देतो, गुपचूप वर लिहितो, की मागे आकडा जोडून नवी क्लिप करतो?

उत्तरं एका कागदावर लिहा आणि एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूममध्ये) लावा. सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्यावर ही सगळी चाचणी परत करा. अपग्रेडच्या नोटमध्ये अशा गोष्टींचा उल्लेख असेलच असं नाही.

जागेचा हिशेब तासांत

डिस्कचे आकडे टेराबाइटमध्ये येतात आणि चॅनेल तासांत चालतं. एकदा गणित करून ठेवलं की रोजचा वाद मिटतो. एक्सडीकॅम एचडी४२२ हा रेकॉर्डिंगचा फॉरमॅट धरू. चित्र सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजे तासाला २२.५ जीबी. ध्वनीचे आठ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ: सेकंदाला सव्वानऊ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे ४ जीबी. किरकोळ भर धरून तासाला २७ जीबी. एव्हीसी-इन्ट्रा १०० वापरत असाल तर ५५ जीबीच्या आसपास.

आता ४ टीबीच्या आठ डिस्क रेड ६ मध्ये लावल्या, तर दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीत (बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर परत उभा करणाऱ्या माहितीत) जाते आणि हाती २४ टीबी उरतात. विंडोज ते २१.८ दाखवतं, कारण ते १०२४च्या पटीत मोजतं. चोरी कुणी केलेली नसते. २४,००० जीबी भागिले २७, म्हणजे सुमारे ८९० तास. पण सगळे वापरायचे नाहीत. ८० टक्क्यांवर, म्हणजे साधारण ७१० तासांवर साफसफाईची यादी तयार व्हायला हवी आणि ९० टक्क्यांवर एअरला लागणारं सोडून बाकी इन्जेस्ट (नवा मजकूर सर्व्हरवर घेणं) थांबवायला हवं. रोज सरासरी सहा तासांचा नवा मजकूर येत असेल तर ७१० तास म्हणजे ११८ दिवस. चॅनेलकडे चार महिन्यांपेक्षा जुनं बरंच काही सर्व्हरवर पडून असेल, तर अडचण जागेची नाही, कुणी निर्णय घेत नाही ही आहे.

सर्व्हरची स्क्रीन ‘इतके तास शिल्लक’ असं सांगते तेव्हा तो आकडा त्या क्षणी सेट असलेल्या रेकॉर्ड फॉरमॅटचा असतो. कुणी फॉरमॅट बदलला की आकडा बदलतो, डिस्क तीच राहते.

आणि एक. सरकारच्या अपलिंकिंग-डाऊनलिंकिंगच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रसारित मजकुराची नोंद ९० दिवस ठेवावी लागते. हे काम प्लेआऊट सर्व्हरवर अजिबात करू नका. त्यासाठी वेगळा लॉगर घ्या. सेकंदाला २ मेगाबिटने चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तरी ९० दिवसांना दोन टीबीसुद्धा पुरतात.

आयडी

ऑटोमेशन आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्यासाठी व्हीडीसीपी हा जुना प्रोटोकॉल आजही ठिकठिकाणी चालू आहे, आरएस-४२२ केबलवरून किंवा नेटवर्कवरून. त्याच्या मूळ रूपात क्लिपचा आयडी आठ अक्षरांचा असतो. नंतर लांब आयडीची सोय झाली, पण साखळीतला एक जरी दुवा आठवर अडलेला असेल तर लांब आयडी तिथे छाटला जातो. छाटल्यावर दोन एपिसोडचे आयडी सारखे झाले, की कोणता वाजेल ते ज्याचं त्यालाच माहीत. म्हणून आठ अक्षरांतच बसवा.

आयडी रोमन मोठी अक्षरं आणि आकडे एवढ्यांतच ठेवा. मोकळी जागा, तिरकी रेघ, टिंब नको. देवनागरीही नको, ती शीर्षकाच्या रकान्यात हौसेने लिहा. पहिलं अक्षर प्रकार सांगणारं असावं: कार्यक्रम, जाहिरात, प्रोमो, फिलर (रिकामा वेळ भरणारा मजकूर), बातमी, ग्राफिक बंपर. पुढे क्रमांक. शेवटचा आकडा आवृत्तीचा किंवा पार्टचा, पण दोन्हींपैकी एकच आणि सगळीकडे तोच. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘न्यू’, ‘लेटेस्ट’ या शब्दांना सर्व्हरवर पूर्ण बंदी. एडिटवाल्यांनी त्यांच्या फोल्डरमध्ये काय वाटेल ते म्हणावं.

एकदा वापरलेला आयडी परत कधीही दुसऱ्या मजकुराला द्यायचा नाही. हा नियम सगळ्यात जास्त जाहिरातींच्या बाबतीत मोडला जातो. क्लायंटने ३० सेकंदांची जाहिरात कापून २० सेकंदांची पाठवली, आरओवर (जाहिरात लावण्याच्या आदेशावर) आयडी जुनाच आहे, मग त्याच आयडीवर नवी फाइल चढवली जाते. प्लेलिस्टमध्ये कालावधी ३० सेकंद, सर्व्हरवर २०. मधले दहा सेकंद ब्लॅक किंवा गोठलेली फ्रेम. शिवाय मागच्या आठवड्यात काय वाजलं याचा अ‍ॅज-रन लॉग आता खोटा ठरतो, कारण त्या आयडीखाली वेगळीच जाहिरात बसलेली आहे. नवा कट, नवा आयडी. ट्रॅफिक विभाग कुरकुर करेल, करू द्या.

कॅस्परसीजीमध्ये एक जास्तीची गोम आहे. तिथे क्लिप एक्स्टेन्शनशिवाय नावाने बोलावली जाते. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची एक एमओव्ही आणि एक एमएक्सएफ फाइल पडली असेल, तर नुसत्या नावाने नेमकी कोणती येईल यावर पैज लावू नका.

इन्जेस्ट: दार एकच ठेवा

प्रॉडक्शन, प्रोमो, सेल्स, न्यूजरूम या सगळ्यांना प्लेआऊट सर्व्हरवर थेट फाइल टाकण्याची मुभा असेल, तर पुढचं काहीही वाचून उपयोग नाही. फाइल आधी नॅसवरच्या आवक फोल्डरमध्ये यावी. तिथून तपासणी, मग एका ठरावीक खात्याने सर्व्हरवर रवानगी. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क या वेगळ्या पीसीवरच उघडायच्या. प्लेआऊट सर्व्हरचे यूएसबी पोर्ट बंद करून टाकलेले बरे.

अर्धवट फाइल हा इथला खरा शत्रू. एमएक्सएफ फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं, शेवटी फूटर. कॉपी मध्येच तुटली तर हेडर ठीक असतं, त्यामुळे क्लिप यादीत दिसते, क्यू होते, वाजायलाही लागते आणि तुटलेल्या जागी थांबते. हेडरमध्ये पूर्ण कालावधी लिहिलेला असेल तर यादीत तोही बरोबर दिसतो. उपाय सोपे आहेत. कॉपी होत असताना फाइलला तात्पुरतं नाव आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव, म्हणजे आवक फोल्डरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर अर्धी फाइल उचलणार नाही. पाठवणाऱ्याकडे आणि आपल्याकडे एमडी५ किंवा एक्सएक्सहॅश चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून जुळवणं. आणि माणसाच्या डोळ्यांनी शेवटचे दहा सेकंद पाहणं. वेळ कमी असेल तर सुरुवात सोडा, शेवट पाहा. सुरुवात चुकली तर क्यू करतानाच कुणाच्या तरी लक्षात येईल.

बाकी तपासणीत टाइमकोडकडे नीट लक्ष द्या. फाइल १०:००:००:०० पासून सुरू होते की शून्यापासून, हे ऑटोमेशनमध्ये लिहिलेल्या सुरुवातीशी जुळायला हवं. नाहीतर क्लिप हजर असूनही क्यू फेल येतो आणि सगळे ‘क्लिप गायब’ म्हणून ओरडतात. ड्रॉप-फ्रेमची भानगड आपल्याकडे २५ फ्रेममुळे नाही, पण परदेशातून आलेला २९.९७चा मजकूर आधी रूपांतर करूनच घ्यावा. ऑडिओ ट्रॅक कोणता मराठी, कोणता नुसतं संगीत आणि इफेक्ट, ते क्लिपच्या नोंदीत लिहून ठेवा.

तपासणी झाली की दोन गोष्टी क्लिपला इथेच चिकटवा: मालक विभाग आणि मुदत. ‘प्रोमो, गणेशोत्सव, अनंत चतुर्दशीनंतर ७ दिवस.’ ‘मालिका, शेवटच्या रिपीटनंतर १५ दिवस.’ ‘फिलर, कायम.’ मुदत इन्जेस्टच्या वेळी लिहिली तर दहा सेकंद लागतात. चार महिन्यांनी ती क्लिप कुणाची हे शोधायला चार फोन लागतात, आणि चौथा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

लॉक आणि अधिकार

लॉक हे कुलूप नाही, कडी आहे. ज्याला लावता येते त्याला काढताही येते. घाईतल्या किंवा पेंगुळलेल्या हाताला थांबवणं एवढंच तिचं काम, आणि ते ती उत्तम करते. म्हणून लॉक कशाला लावायचा हे विचारपूर्वक ठरवा. सगळ्याच क्लिप्स लॉक करणाऱ्या ठिकाणी काय होतं? रोज पन्नासदा अनलॉक करावं लागतं, बोटांना सवय लागते, आणि लॉक आहे का नाही हे बघायचंच बंद होतं.

कायमचा लॉक लावायचा तो मोजक्या गोष्टींना: स्टेशन आयडी, ‘तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व’ची पाटी, लांब फिलर, शोकप्रसंगी लावायचा मजकूर, कलर बार आणि टोन. या क्लिप्स महिनोन्‌महिने वाजत नाहीत, त्यामुळे ‘शेवटचं प्रसारण’ या रकान्यावरून यादी लावली की साफसफाईत त्याच पहिल्या जातात. तात्पुरता लॉक पुढच्या ७२ तासांच्या प्लेलिस्टमध्ये असलेल्या क्लिप्सना. हे हाताने करू नका; ऑटोमेशन सॉफ्टवेअरमधून प्लेलिस्ट लोड होताना आपोआप लागेल आणि प्रसारणानंतर निघेल अशी सोय आहे का ते पाहा. व्हीडीसीपीमध्ये क्लिपला डिलीटपासून राखायची आणि ते संरक्षण काढायची अशा वेगळ्या आज्ञा आहेत, पण प्रत्येक सर्व्हर त्या मानतोच असं नाही. तुमचा मानतो का, हे चाचणीच्या कागदावर आलेलं असेल.

लॉकच्या खाली अधिकारांचा थर असतो आणि खरी सुरक्षितता तिथे आहे. एमसीआर ऑपरेटरला वाजवण्याचा, क्यू करण्याचा, प्लेलिस्ट बदलण्याचा अधिकार हवा, डिलीटचा नको. इन्जेस्टवाल्याला आवक बिनमध्ये (बिन म्हणजे सर्व्हरवरचा क्लिप्सचा कप्पा) लिहिण्याचा हवा. ऑन-एअर बिनमध्ये डिलीटचा नको. डिलीटचा अधिकार मीडिया मॅनेजर आणि त्याचा एक पर्यायी माणूस, बस. प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळी यंत्रं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या एकाच लॉगिनवर चालतात आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. त्यामागचं कारण आळस नसून भीती असते, की मध्यरात्री काही अडलं आणि पासवर्ड नसला तर? त्याला उत्तर म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात शिफ्ट इन्चार्जकडे. पाकीट फोडलं तर दुसऱ्या दिवशी कारण लिहायचं आणि पासवर्ड बदलायचा.

फाइल सिस्टिमच्या पातळीवर दोन फसव्या जागा आहेत, त्या माहीत असायलाच हव्यात. विंडोजवर एखाद्या फाइलचा डिलीट अधिकार काढून घेतला, तरी तिच्या वरच्या फोल्डरवर ‘आतल्या फाइल आणि फोल्डर डिलीट करा’ हा अधिकार त्याच माणसाकडे असेल, तर तो ती फाइल उडवू शकतो. लिनक्सवर तर फाइल रीड-ओन्ली आहे की नाही याचा डिलीटशी संबंधच नसतो. फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार असला की पुरे. दोन्हीकडे अधिकार फोल्डरवर तपासायचे. लिनक्स सर्व्हरवरच्या कायमच्या क्लिप्सना इम्युटेबल ही खूण लावता येते; ती काढल्याशिवाय रूटलाही फाइल हलवता येत नाही. कॅस्परसीजीचा मीडिया फोल्डर नेटवर्कवर सर्वांसाठी फक्त वाचण्यापुरता खुला ठेवा आणि लिहिणारं खातं एकच ठेवा. त्याचा नियंत्रण प्रोटोकॉल ५२५० या पोर्टवर चालतो आणि पासवर्ड विचारत नाही, तेव्हा ते यंत्र ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवरच (नेटवर्कच्या स्वतंत्र पाडलेल्या भागावरच) हवं.

पहिल्या जातीच्या सर्व्हरवर उलटी काळजी. त्याच्या मीडिया ड्राइव्हमध्ये विंडोज एक्सप्लोररने शिरून काहीही हलवू किंवा डिलीट करू नका, नाव बदलू नका. नोंदवहीला त्याचा पत्ता लागत नाही आणि नोंद एकीकडे, मजकूर दुसरीकडे असं होतं. एफटीपीचा मूळ पासवर्ड बदला. अँटीव्हायरसने मीडिया ड्राइव्ह सतत तपासू नये अशी सूट द्या, नाहीतर फ्रेम गळतात. विंडोजचे आपोआप होणारे अपडेट बंद, ते ठरवून करायचे.

डिलीट

क्लिप्स सांभाळण्याच्या सगळ्या कामात डिलीट हे सर्वात जबाबदारीचं, आणि ते बहुतेक ठिकाणी रात्रपाळीतल्या सर्वात नवख्या माणसावर पडतं. डिस्क ९६ टक्के भरलेली, सकाळच्या लाइव्हचं रेकॉर्डिंग घ्यायचं आहे, मग दिसेल ते जुनं उडवायचं. हे टाळायचं असेल तर डिलीट आणीबाणीतून काढून वेळापत्रकात टाका. आठवड्यातून एकदा, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही, कारण चूक शनिवारी उघडकीला येते आणि टेपच्या कपाटाची चावी असलेला माणूस रजेवर असतो.

यादी मुदतीवरून आपोआप निघते. तिच्यातल्या प्रत्येक क्लिपला चार प्रश्न. पुढच्या ३० दिवसांच्या एफपीसीत (कार्यक्रमांच्या ठरलेल्या वेळापत्रकात) ती कुठे आहे का? टेपवर किंवा नॅसवर तिची प्रत आहे का, आणि ती प्रत तपासलेली आहे का? तिच्यावरून निघालेली सबक्लिप किंवा प्लेलिस्ट जिवंत आहे का? मालक विभागाने हो म्हटलं आहे का? शेवटच्या प्रश्नावर ईमेलला उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर क्लिप टेपवर जाते आणि मगच सर्व्हरवरून उतरते.

मंजूर झालेल्या क्लिप्सही लगेच डिलीट करू नका. ‘टाकाऊ’ नावाचा बिन करा, त्यात हलवा, सात दिवस तिथे राहू द्या. बऱ्याच सर्व्हरना रिसायकल बिन नसतो, हा आपला घरगुती रिसायकल बिन. मात्र आधी एक पाहून घ्या: बिन बदलल्यावर ऑटोमेशनला ती क्लिप सापडते का? काही ठिकाणी ऑटोमेशन एकाच बिनकडे बघतं, त्यामुळे हलवलेली क्लिप त्याच्या दृष्टीने गायब होते. इथे ते फायद्याचंच आहे. चुकून हलवलेली क्लिप प्लेलिस्टच्या ‘मिसिंग’ यादीत लगेच लाल दिसते आणि परत आणायला एक मिनिट लागतो. सात दिवसांनी प्रत्यक्ष डिलीट, तेही पन्नास-पन्नासच्या गटांत, प्राइम टाइम सोडून. हजार फाइल एकदम डिलीट केल्या तर काही स्टोरेजवर तो भार वाजणाऱ्या चॅनेलला जाणवतो.

जाहिरातींबद्दल माझं मत वेगळं आहे: शक्यतो डिलीटच करू नका. ३० सेकंदांची जाहिरात म्हणजे साधारण २२५ एमबी. हजार जाहिराती ठेवल्या तरी सव्वादोनशे जीबी, म्हणजे सव्वाआठ तासांच्या कार्यक्रमाएवढीच जागा. मोहीम संपली असं सेल्स सांगतं आणि दिवाळीला तोच क्लायंट तीच जाहिरात घेऊन परत येतो. जागा हवी असेल तर लाइव्हची लांबलचक रेकॉर्डिंग बघा; आषाढी वारीचं किंवा निकालाच्या दिवसाचं आठ-दहा तासांचं रेकॉर्डिंग, ज्यातली पंधरा मिनिटं कापून घेतल्यावर मूळ तसंच पडून आहे.

प्रती

मेन आणि बॅकअप सर्व्हर ही दोन प्रतींची सोय वाटते, पण दोघांमध्ये आरशासारखं सिंक लावलेलं असेल तर मेनवर डिलीट झालेली क्लिप काही मिनिटांत बॅकअपवरूनही जाते. रोबोकॉपीचा मिरर पर्याय किंवा आरसिंकचा डिलीट पर्याय वापरून स्क्रिप्ट चालवत असाल तर ती आजच उघडून बघा. सिंक फक्त भर घालणारं हवं. बॅकअपवरची साफसफाई वेगळी, किमान ४८ तास उशिरा.

तिसरी प्रत टेपवर. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी बसतात. खोक्यावर ३० लिहिलेलं असतं, ते कॉम्प्रेशन धरून. आपला व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेला असल्यामुळे १२च धरा, म्हणजे सुमारे ४४० तास. टेप एलटीएफएस पद्धतीने लिहिली तर ती कोणत्याही योग्य ड्राइव्हवर साध्या फोल्डरसारखी उघडते, एका कंपनीच्या आर्काइव्ह सॉफ्टवेअरवर अडून राहत नाही. ड्राइव्ह बदलताना जुन्या टेपचा विचार करा: एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-७ वाचतो, पण एलटीओ-६ वाचत नाही.

प्रत्येक टेप दोनदा लिहा आणि दुसरी वेगळ्या इमारतीत, शक्यतो वेगळ्या शहरात ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या दोन प्रती ही मुंबईत एकच प्रत आहे. ड्राइव्हमधून बाहेर काढलेल्या टेपचा आणखी एक गुण म्हणजे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. नॅसबद्दल तसं म्हणता येत नाही.

क्लिप्सच्या प्रती काढणारे बरेच जण नोंदवहीची प्रत काढायला विसरतात. पहिल्या जातीच्या सर्व्हरचा डेटाबेस बिघडला तर मजकूर डिस्कवर सुखरूप असूनही कोणती फाइल कोणाची ते कळत नाही. उत्पादकाने दिलेल्या पद्धतीने डेटाबेसचा बॅकअप रोज घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. त्याच्या जोडीला रोज पहाटे साधी टेक्स्ट यादीही काढा: आयडी, शीर्षक, सुरुवातीचा टाइमकोड, कालावधी, आकार, चेकसम. कालची आणि आजची यादी शेजारी ठेवली की रात्रीतून काय गेलं, काय बदललं, हे चहा संपायच्या आत दिसतं. आयडी तोच आणि कालावधी वेगळा अशी ओळ दिसली तर तिथेच थांबून चौकशी करा.

खेळाच्या ओबीमध्ये

सामन्यांच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानावरून प्रसारण करणाऱ्या गाडीत, गणित उलटं असतं. बेल्जियमच्या ईव्हीएस कंपनीचे सर्व्हर तिथे सर्रास दिसतात. ते प्रत्येक कॅमेरा सतत रेकॉर्ड करतात आणि जागा संपली की सर्वात जुन्या भागावर लिहीत जातात. ऑपरेटरने क्लिप केली तेवढाच भाग वाचतो. म्हणजे इथे क्लिप करणं हेच संरक्षण; पण प्रत्येक क्लिप चालू रेकॉर्डिंगची जागा खाते. वानखेडेवर पहिल्या डावात हौसेने चारशे क्लिप्स राखल्या, तर दुसऱ्या डावात मागे जायला मिळणारा वेळ आखडतो. डावाच्या मध्यंतरात नको त्या क्लिप्स काढा, हव्या त्या बाहेरच्या डिस्कवर पाठवा. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याआधी सगळं पुसताना हायलाइट्सवाल्यांनी प्रत घेतली आहे का, हे तोंडी नव्हे, डिस्क उघडून पाहा.

क्लिप गेलीच तर

प्रसारणाला वीस मिनिटं आहेत आणि क्लिप नाही. क्रम असा. आधी प्लेलिस्टमध्ये फिलर लावून ठेवा, मग शोधा. त्या स्टोरेजवर चालू असलेलं बिनमहत्त्वाचं रेकॉर्डिंग आणि कॉपी थांबवा, म्हणजे डिलीट झालेल्या जागेवर नवं लिहिलं जाणार नाही. मग ‘टाकाऊ’ बिन, बॅकअप सर्व्हर, नॅस, टेप, आणि शेवटी एडिट मशीनवरची एक्स्पोर्ट केलेली फाइल, याच क्रमाने. चालू प्लेआऊट सर्व्हरवर डिलीट झालेल्या फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर चालवायचा मोह कितीही झाला तरी नको.

एक तासाची २७ जीबीची क्लिप एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने आली तरी साडेचार मिनिटं घेते. टेपवरून आणायची असेल तर टेप शोधणं, चढवणं, योग्य जागी जाणं धरून दहा-बारा मिनिटं धरा. तुमचं सर्वात लांब फिलर यापेक्षा छोटं असेल तर आधी ते बदला. क्लिप परत आली की आयडी, सुरुवातीचा टाइमकोड आणि कालावधी जुन्या टेक्स्ट यादीशी जुळवा. सबक्लिप्सचे पॉइंट पुन्हा टाकावे लागतील, तेही त्याच यादीतून. मिळालेली फाइल तुटकी असेल तर दुसऱ्या मशीनवर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने, चित्र नव्याने एन्कोड न करता, नुसतं नव्या एमएक्सएफमध्ये भरून पाहा. अनेकदा तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर वाचतो, आणि मालिकेचा पहिला पार्ट एअरवर सोडता येतो, तोवर दुसरा शोधता येतो.

हे सगळं महिन्यातून एकदा सरावासाठी करा. टेपच्या यादीतून डोळे मिटून एक क्लिप निवडा, परत आणा, चेकसम जुळवा, शेवटचे दहा सेकंद वाजवा आणि किती मिनिटं लागली ते एमसीआरमधल्या त्याच कागदावर लिहा.